हलकं व्हायचंय

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही पंधरा फूट उंच दोरावर उलटे लटकला आहात. दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरलेला आहे, आणि अचानक कानांत शिट्ट्या वाजू लागल्या आहेत.

तेरा वर्षांच्या चार्वीचं तसंच झालं. मल्लखांब शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांदेखत हसत म्हणाल्या होत्या, "पोट बघ केवढं सुटलंय! दोर तुटेल गं बाई!" त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हापासून ती अर्ध्या पोळीवर दिवस काढत होती.

"हस की! परीक्षकांना असाच रडका चेहरा दाखवणारेस का?" मॅडम खालून ओरडल्या. चार्वीच्या डोळ्यांपुढे अंधार आला. पायाची बोटं सुटली, पण कसाबसा हाताला दोर लागला आणि तळहात सोलत ती गादीवर उतरली. कुणाला काही कळलं नाही. सांगितलं तर परवाच्या स्पर्धेच्या निवडीतून नाव जाणार, हे तिला ठाऊक होतं.

पुढचा नंबर आठ वर्षांच्या मुक्ताचा. दोराला हात घालता घालता ती कुजबुजली, "चार्वीताई, तू डबा तसाच परत नेतेस ना, मी पण कालपासून जेवले नाही. मला तुझ्यासारखं हलकं व्हायचंय."

दोरावर वाटली नव्हती एवढी भीती चार्वीला आता वाटली. तिने मुक्ताचा हात दोरावरून सोडवला, घट्ट धरला आणि ती मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, मी पंधरा दिवस नीट जेवलेले नाही. आत्ता वर मला चक्कर आली. हिला चढवू नका, हीपण उपाशी आहे."