ससाण्याची पाठ

ससाणा तीन तास पाठ करून बसला होता. वठलेल्या झाडाचा शेंडा, त्यावर ती राखाडी पाठ, आणि खाली झुडपाआड पोटावर पडलेले दोन साडू.

थोरल्यांपुढे मांडीएवढी जाड, सहाशे एमएमची लेन्स होती. धाकट्यांकडे जुनी, कुणाची तरी वापरलेली झूम लेन्स. तरी प्रदर्शनातलं बक्षीस दोन वर्षं धाकट्यांनाच. थोरल्यांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या आणि दोन्ही वेळा घरी येऊन भूक नाही म्हणून सांगितलं होतं. आता त्यांची एकच जागा उरली होती, सासूबाईंच्या दिवाणखान्यातली सोफ्यामागची भिंत. तिथे नऊ वर्षं त्यांचा बगळा होता. पण सासूबाई परवाच म्हणाल्या होत्या, "भिंतीला रंग दिला की फोटोही बदलू. दोघांनी एकेक आणा, बरा असेल तो लावू."

अशात धाकट्यांचाच फोन आला, "साडूभाऊ, ससाणा सापडलाय. चला." असली जागा कुणी सख्ख्या भावालासुद्धा सांगत नाही. खिजवायलाच बोलावतोय, असं थोरल्यांनी ठरवून टाकलं. आणि आले.

धाकट्यांची खुडबुड चालली होती. त्यांनी शटरचा वेग पार वर नेला, उडत्या पक्ष्याला लावतात तेवढा. मग झूम मागे घेतला. पक्षी चौकटीत एवढासा झाला. ढिम्म बसलेल्या पक्ष्यासाठी ही तयारी? थोरल्यांना हसू आलं. अशा माणसाला बक्षिसं मिळतात हे आठवलं आणि हसू गेलं.

धाकट्यांचं बोट बटणावर टेकलं. चेहऱ्यावर कसलंसं समाधान. ते थोरल्यांना बघवेना. आपल्याला नाही मिळाला तरी चालेल, याला मिळता कामा नये. बगळा तरी भिंतीवर राहील.

थोरले खोकले. चांगला घसा खरवडून, दोनदा.

ससाणा गर्रकन वळला. पंख उघडले, डोळे थेट झुडपात रोखले, आणि उडाला. थोरल्यांच्या फोटोत नुसता एक पंख आला, तोही हललेला.

महिन्याभराने नव्या रंगाच्या भिंतीवर ससाणा लागला. दोन्ही पंख टोकापर्यंत, नजर बघणाऱ्यावर रोखलेली. बगळा दाराआड भिंतीला टेकवून ठेवला होता.

"हा असा नेमका वळला कसा हो?" सासूबाईंनी विचारलं.

"साडूभाऊ खोकले," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"अगंबाई. म्हणजे सगळं बिघडतच होतं की."

"छे. आठ दिवस पाठ करूनच बसत होता तो. आणि मी खोकलो तर माझीच लेन्स हलते." धाकट्यांनी कौतुकाने थोरल्यांकडे पाहिलं. "शेजारी कुणीतरी अगदी मनापासून खोकणारं हवं होतं. म्हणून तर यांना बोलावलं."