पहिल्या अक्षरावर जोर

दगडाबाईचा शहादेव गोऱ्या साहेबाच्या पलटणीबरोबर समुद्रापार लढाईवर गेला होता. जखमी शिपाई डोलीत घालून उचलून आणायचं त्याचं काम. वर्ष उलटलं तरी त्याची खबर नव्हती. त्याला भरती करून नेणारा साहेब पाटोद्याला आल्याचं कळलं, तशी ती त्रिंबक गुरुजींकडे गेली.

"मी विचारतो तुझ्यासाठी, आक्का," गुरुजी म्हणाले.

"न्हाई गुरुजी. आईनं सायबाच्या बोलीत इचारलं, तर त्यो टाळायचा न्हाई. लेकराच्या कामाला काय म्हणत्यात, तेवढं शिकवा."

गुरुजींनी तो लांबलचक इंग्रजी शब्द तोडून दिला. "स्ट्रे-चर-बेअ-रर. 'स्ट्रे'वर पक्का जोर दे, 'बेअ'वर जरा कमी, बाकीचं हलकं सोड." दगडाबाई भाकरी थापताना तेच घोकत राहिली. जोराच्या अक्षराला थापही मोठी पडायची.

पाटोद्यात गुरुजींना सोबत घेऊन ती साहेबासमोर ताठ उभी राहिली. "शहादेव. स्ट्रेचर-बेअरर," ती म्हणाली. एका अक्षराला अडखळली नाही.

साहेब खुर्चीतून उठला. टोपी काढून हळू आवाजात तिच्याशी इंग्रजीत बोलत राहिला. दगडाबाईला त्यातलं काहीच उमगलं नाही. तिनं शेजारी पाहिलं, तर गुरुजी मान खाली घालून उपरण्यानं डोळे पुसत होते.

"काय झालं, गुरुजी? जोर चुकला का माजा? पुन्यांदा म्हणते."

"नाही आक्का," गुरुजी म्हणाले, "तू अगदी बरोबर म्हणालीस."