बोर्डाच्या मागे

"बोर्डापर्यंतची वायर माझी, पुढची एसीवाल्याची. शॉक एसीला हात लावल्यावरच बसलाय ना?" घोरपडे इलेक्ट्रिशियन तावातावाने म्हणाला.

शॉक बसलेल्या काकूंपुढे एसी बसवणारा रोहिदास मान खाली घालून उभा होता. "माझंच चुकलं असेल, काकू."

घोरपडेने मेन बंद करून बोर्ड उघडला. रोहिदासची अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूखाली घट्ट कसलेली होती. घोरपडेची मात्र मागे दुमडून तशीच राहिली होती. नंतर जोडू म्हणून. त्याची कानशिलं तापली. गुपचूप वायर जोडून, "झालं," म्हणत त्याने झाकण लावलं.

काकूंनी चहाचा एकच कप आणला. "तुम्ही घ्या. देवासारखे धावून आलात."

रोहिदासने खुर्ची पुढे सरकवली. घोरपडेने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि चहाचा घोट घेतला.