स्वच्छ चाळणी

नव्या प्लास्टिक पिशवीची चाचणी तशी साधी होती. तिचे तुकडे कुंडीत पुरायचे, वर टोमॅटोचं रोप लावायचं आणि हंगाम संपला की माती चाळायची. चाळणीत काही उरलं नाही, तर पिशवी मातीत मिसळून जाते असा दाखला मिळायचा. संशोधिकेने माती चाळली. चाळणी स्वच्छ होती.

"गेली ना पिशवी?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"गेली, सर. पण कुठे गेली, ते बघते."

"कुठे जाणार? माहेरी गेली असेल. सही करा आणि मोकळ्या व्हा." साहेब हसत निघून गेले.

तिला मात्र चैन पडेना. तिने चिमूटभर माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पिशवी तिथेच होती, फक्त चाळणीच्या भोकांहून बारीक, चमकणाऱ्या कणांची झाली होती. तिने रोपावरचा शेवटचा टोमॅटो कापला आणि त्याची पातळ चकती काचेवर ठेवली. चकतीतही तेच कण होते, तसेच चमकणारे.

तिने घरी फोन लावला. "आई, मी आणलेले टोमॅटो बाळाला देऊ नका."

"ते संपले की गं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "दात यायला लागल्यापासून रोज त्यांचंच सूप देतेय. बाजारातल्यांचा काय भरवसा? हे तुझ्या कुंडीतले, म्हणून डोळे झाकून दिले."