उंबरपाड्याची हजेरी

“एकतीसच झालेत, दादा. सभा होईलसं दिसत नाही. उगाच उन्हात वर येऊ नका,” रंजिताने सरपंचाला फोनवर सांगितलं.

“त्याला कशाला सांगितलंस?” सासू रेवाबाई तडकली. “आता नाचत येईल तो.”

“त्यांनी विचारलं, आई. खोटं कसं बोलू?”

“खरं बोलायची हौसच भारी तुला!”

रंजिताने पायाच्या अंगठ्यात अडकवलेली दोरी ओढली. महूच्या फांदीला बांधलेल्या झोळीत पाच महिन्यांची स्वप्नाली मुठी आवळून झोपली होती.

उंबरपाड्याला स्वतःची ग्रामसभा हवी होती. आजवर पाड्याचं सगळं सहा किलोमीटर खालच्या मोठ्या गावात ठरायचं. तिथल्या सभेने आता पाड्यामागची टेकडी खडी काढायला द्यायचं मनावर घेतलं होतं. रंजिताचं घर टेकडीच्या अगदी पायथ्याशी. सुरुंग उडायला लागले तर लेकीची झोळी बांधायची कुठे, एवढाच तिचा प्रश्न होता. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यात पाड्यालाही वेगळं गाव होता येतं, हे तिने बाळंतपणात आडवं पडून वाचलं होतं. अर्जही तिनेच लिहिला.

आज तळोद्याच्या प्रांत कार्यालयातून उमाकांत साहेब चौकशीला आले होते. त्यांच्या नोटिशीतली अट सरळ होती. यादीतल्या बासष्ट मतदारांपैकी निम्म्याहून जास्त चार वाजेपर्यंत हजर हवेत. बाकीचे ऊसतोडीला गुजरातेत होते. बत्तिसावा म्हणजे रंजिताचा नवरा अमृत. तो नवापूरच्या पोल्ट्रीवरून सकाळीच निघणार होता, पण अजून पोचला नव्हता.

“साहेब, आणखी एक भाकर?” रेवाबाईने विचारलं.

“नको, माय. मन्हं पोट भरी गयं,” साहेब म्हणाले. त्यांच्या तीन झाल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. अमृतला सुट्टी मिळाली नव्हती. कोंबड्यांची गाडी आज भरायची होती.

म्हातारा करमसिंग उठून धोतर झटकायला लागला. “चला, बकऱ्या तरी बघतो.”

“बसा, काका. चार वाजले नाहीत अजून.”

“चार वाजता काय कोंबडीवर बसून येणार आहे का तुझा नवरा?”

बायका हसल्या. करमसिंग कुरकुरत परत बसला.

साडेतीनला मोटरसायकलचा आवाज आला. मोठ्या गावचा सरपंच जगदीश हसतच उतरला. “काय काकी, निघालं का वेगळं गाव?”

“बस, जग्या. चहा घे,” रेवाबाई तोंड वाकडं करून म्हणाली.

“घेतो की. आज गोड लागेल.” तो साहेबांकडे वळला. “साहेब, सभा तर बारगळली. पण माझी हरकत लेखी घ्या. दर सहा महिन्यांनी हाच अर्ज यायला नको.”

रंजिता हळूच म्हणाली, “पण दादा, तुम्ही तर खाली राहता. पाड्याच्या कामात तुमची हरकत चालेल का?”

जगदीशचा चेहरा लाल झाला. “न चालायला काय झालं? जन्म या पाड्यातला माझा! निवडून आलो तो याच वॉर्डातून. यादी काढा, साहेब. माझं नाव सापडलं नाही तर मिशी काढीन.”

साहेबांनी यादी चाळली. नाव होतं. “हरकत घेता येईल. पण सभेला हजर असलेल्या मतदारालाच. आधी हजेरीत सही लागेल.”

“एक सोडून दहा करतो!”

रंजिताने वही पुढे केली. “इथे, दादा. सगळ्यांच्या खाली.”

जगदीशने लांबलचक सही ठोकली आणि खाली शेपटासारखी रेघ ओढली. मग कागद मांडीवर घेऊन हरकत लिहायला बसला. पाड्याला पैसा सांभाळता येणार नाही, बायकांच्या नादाने गावं फुटतील, असं बरंच. वीस मिनिटं लिहीत होता. मध्येच रेवाबाईने त्याला दुसरा चहा दिला. रंजिताने लेकीला झोळीतून काढून पदराखाली घेतलं.

चार वाजले. साहेबांनी हजेरीची वही मागवली, पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवत खालपर्यंत आले, आणि उभे राहिले.

“सभा सुरू होत आहे. ठराव, उंबरपाडा स्वतंत्र गाव व्हावं. बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

महूखाली एकतीस हात वर झाले. त्यात रंजिताचाही, दुसऱ्या हातावर स्वप्नाली होती.

जगदीश ताडकन उठला. “कसली सभा, साहेब? अट कुठे पुरी झाली?”

साहेबांनी वही फिरवून त्याच्यापुढे धरली.

“बत्तिसावी सही तुमचीच आहे, सरपंच.”