फिलोमिनाच्या घरचा देव

मुक्ताबाईने सुताराची मातीची मूर्ती पुसायला हातात घेतली आणि खाली ठेवायचंच विसरली.

"बाय, ह्यो बापूस ना पोराचा?"

ब्याऐंशी सालचा डिसेंबर. वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये फिलोमिना परेरा नाताळचा देखावा मांडत होती. सुक्या गवतावर गाय बसली, गाढव बसलं, मेंढपाळ उभे राहिले. जुहूगावची मुक्ताबाई तिच्याकडे धुणीभांडी करायची. हा देव मात्र ती पहिल्यांदाच बघत होती.

"बाप नाही," फिलोमिना गवत सारखं करत म्हणाली. "लग्न ठरलं होतं त्यांचं, पण लग्नाआधीच मरियेला दिवस गेले. बाळ देवाचं. पण लोक थोडेच ऐकणार? दगडांनी मारलं असतं तिला."

"मंग ह्यानं काय केला?"

"नेली घरी."

आपल्या ऐकण्यातच चूक झाली, असं मुक्ताबाईला वाटलं. "मंग बालंतपन गोठ्यात कशाला?"

"परगावी होती. कुठे जागा नव्हती म्हणतात."

"नव्हती, का कुनी दिली नाय?"

फिलोमिनाचा हात थांबला. "काय माहीत, मुक्ताबाई. लहानपणापासून मांडते मी हे. असं कधी कोणी विचारलं नाही."

मुक्ताबाईचं डोकं चालेना. धुतलेले कप तिने पुन्हा धुतले. असल्या पोरीला गाव उंबऱ्यावर उभं करत नाही, आणि ही शिकलेली बाई तिच्यापुढे मेणबत्ती लावते. मग चुकतंय कोण? देवाला यायचंच होतं, तर एखादी लग्न झालेली सून नाही मिळाली? काहीच जुळेना. वाटभर तिचं तेच चाललं होतं.

ती गावात शिरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि नळावर बायका जमल्या होत्या. नव्या शहरासाठी जमीन गेली तशी तिने गुरंही विकली होती. घरामागे त्यांचं छप्पर तेवढं उरलं होतं. एरवी ती अंधार पडल्यावरच तिकडे फिरकायची. आज सगळ्यांच्या देखत तिने त्या छपराच्या दाराची कडी काढली आणि लेकीला हाताला धरून बाहेर आणलं.

उजेडाने अरुणाचे डोळे मिटले. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, आणि सातव्या महिन्याचं पोट ओढणीखाली लपत नव्हतं.

नळाखालचा हंडा भरून वाहू लागला. शेजारची विमलबाई पुढे आली.

"मुक्ते, अरुना तं उरनला मावशीकडं हाय म्हनालीस ना?"

मुक्ताबाईला अजूनही काही उमगलं नव्हतं. लेकीचा हात मात्र तिने सोडला नाही.

"नाय," ती म्हणाली. "गोठ्यात व्हती. मीच ठेवलेली."