गुरुवारची मुलाखत

स्वयंपाकघराच्या खिडकीतून "कोबीचे पिएरोगी, दोन!" अशी आरोळी येऊन त्या उकडलेल्या करंज्यांच्या ताटल्या हातात पडेपर्यंत एदिता तिथं रांगेत उभी राहणार होती आणि दाग्मारा दोघींचे कोट खुर्च्यांवर टाकून टेबल धरून बसली होती. दुपारची वेळ, खानावळ तुडुंब भरलेली. एदिताचा कोट नवा होता. दाग्मारानं कॉलरच्या आतली पट्टी उलटून दुकानाचं नाव वाचलं आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

मघाशी पैसे भरतानाच एदितानं बातमी सांगितली होती. ओद्रा नदीपलीकडच्या विमा कंपनीत गुरुवारी शेवटची मुलाखत. सॉफ्टवेअर तपासायचं कंत्राट, तेही वर्षभराचं. "मारियोला झारेंबा म्हणून बाई आहेत, त्यांनी स्वतः फोन केला. कुणाला बोलू नकोस हं, दागा." दाग्मारा "अगं, छानच की!" म्हणाली होती. म्हणताना तिचे गाल दुखले होते.

या पोरीला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा दाग्मारानंच तिला हाताला धरून शिकवलं होतं. प्रोग्रॅममधल्या चुका कशा हुडकायच्या तेही, आणि कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एजंटांशी कसं बोलायचं तेही. आता दाग्मारा पानगळीपासून घरी बसलेली आणि हिला कंपन्या आपणहून बोलावतात. असं काय आहे हिच्यात? गोड हसते, एवढंच.

दाग्माराचा फोन वाजला. पातरिक, एजंट. नाताळाआधी यानं तिची सगळी माहिती मागवून घेतली होती, "दोन दिवसांत कळवतो" म्हणाला होता आणि जो गडप झाला तो आज उगवत होता. ज्या कामाची त्यानं जाहिरात केली होती ते काम मुळात नव्हतंच, हे तिला मागाहून कळलं. त्याला नुसती नावं गोळा करायची होती. हे सगळं ठाऊक असूनही तिनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"दाग्मारा मॅडम! कशा आहात?"

"काम आलंय का काही?"

"बघतोय हो, बघतोय. बाजार अगदी थंड आहे. तुमचं काय म्हणताय? आणखी कुठं मुलाखती चालू आहेत?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. कंपनीचं नाव सांगितलं की फोन खाली ठेवायच्या आत एजंट आपली चार माणसं त्याच दारात नेऊन उभी करतो. एदिताला दाग्मारानं हे घोटून घोटून शिकवलं होतं.

"ते मी सांगत नसते, पातरिक."

"म्हणजे कुठंच नाही." तो जरा चुकचुकला. "असू दे, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणींचं सध्या असंच चाललंय."

तिकडे खिडकीपाशी एदिता पुढच्या म्हाताऱ्याशी काहीतरी बोलली आणि सगळी रांग हसली. म्हातारा बाजूला सरकून तिला आपल्या पुढे घेत होता. रांगेतसुद्धा!

"गुरुवारी शेवटची फेरी आहे माझी," दाग्मारा म्हणाली. तिनं विमा कंपनीचं नाव सांगितलं. "मारियोलाबाईंनी स्वतः फोन केला होता मला."

"मारियोला... आडनाव काय?"

तिनं तेही सांगितलं.

"वा, मॅडम, वा! मी तर पहिल्यापासून म्हणतोय, तुमच्यासारखं माणूस मिळायचं नाही." त्याच्या आवाजात साखर विरघळली होती, पण फोन ठेवायची घाईही होती. क्षणभर दाग्माराला खरंच वाटलं, गुरुवारी आपणच जाणार आहोत. मग ते वाटणं ओसरलं. चार जणं आणखी जातील तिथं, जाऊ देत. हिलाही कळू दे जरा. हिलाच सगळं आयतं का मिळावं?

एदिता दोन्ही ताटल्या सांभाळत आली.

"तुझ्या ताटलीत तळलेला कांदा जास्त घालून घेतलाय, तुला आवडतो म्हणून." ती बसली आणि लगेच पुढे वाकली. "हे बघ, गुरुवारपर्यंत गप्प राहणार होते, पण मला मेलीला दम धरवत नाही. जागा दोन आहेत, दागा. मी तुझं नाव सांगितलंय. म्हटलं, मला येतं ते सगळं हिनंच शिकवलंय. त्या म्हणाल्या, दोघी या."

दाग्मारानं ताटली पुढे ओढली.

"फक्त मध्ये कुणी एजंट नको म्हणाल्या. इतक्या वैतागल्यात ना त्यांना! एकाचा जरी फोन आला तरी दोन्ही जागा रद्द करीन म्हणाल्या."

दाग्मारानं मोठा घास तोंडात कोंबला. लाज नंतर वाटली, आधी आली ती चीड. द्यायचं तेही हिनंच! या बाबतीतही वरचढ हीच.

"अगं, काहीतरी बोल की! डोळ्यांत पाणी काय आणतेस?"

"गरम आहे," दाग्मारा म्हणाली.

टेबलावरचा एदिताचा फोन थरथरला. "बघ, त्यांचाच!" तिनं पडद्यावरचं मारियोलाचं नाव दाग्माराला दाखवलं, लोण्याची बोटं घाईघाईनं पुसली आणि फोन कानाला लावला.

"हो, बोला ना... हो, माझ्या समोरच बसलीय ती."

मग ती बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. तिच्या भुवया वर गेल्या, तरी ओठांवरचं हसू तसंच होतं. शेवटी तिनं फोनवर तळहात धरला.

"दागा," तिनं हळूच विचारलं, "पातरिक कोण गं?"